वीजदेयकातील ‘आकार’

घरगुती विजेचे मासिक देयक हाती आले म्हणजे गृहस्थ प्रथम युनिटांचा आकडा पाहतो आणि वापर पूर्वीइतकाच असता रक्कम कशी वाढली, असा प्रश्न करतो. वीज ही तांदूळ किंवा रॉकेल ह्यांप्रमाणे मापून विकावयाची वस्तू असून तिचे मोल म्हणजे दर गुणिले माप, असे ह्या प्रश्नामागे गृहीत आहे. देयकाची भाषा मात्र निराळे सांगते. महाराष्ट्रातील देयकात ‘किंमत’ आढळत नाही. आढळतो तो ‘आकार’ : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार.

हा शब्द महसुलाच्या दप्तरातून आलेला आहे. सातबाराच्या उताऱ्यावर तो आजही आहे. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी जमिनींची प्रतवारी करून तीस वर्षांसाठी जो सारा ठरविला, तो पिकावर नव्हता, जमिनीवर होता. हंगाम बुडाला तर सूट मिळे, परंतु ती सरकारची मेहेरबानी, रयतेचा हक्क नव्हे. आकार म्हणजे धारण करण्याबद्दलचे देणे. स्थिर आकारही नेमका असाच जोडणीवर बसतो, वापरावर नव्हे. अर्थ झाकण्यासाठी हा शब्द मुद्दाम योजला, असे मानण्यास आधार नाही. उलट तो इतका अचूक बसला आहे की, वाचणाऱ्याने महसुली अर्थ विसरावा हेच नवल.

ही कल्पना अलीकडची नव्हे. १८९२ मध्ये जॉन हॉपकिन्सन ह्या इंग्रज अभियंत्याने असे दाखविले की, ग्राहकाने दिवा लावो वा न लावो, त्याच्यासाठी यंत्रे सज्ज ठेवण्याचा खर्च होतच राहतो. म्हणून सज्जतेचे देणे व वापराचे देणे वेगवेगळे असावे. भारतात २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने प्रत्यक्ष पुरविलेल्या विजेच्या आकाराखेरीज स्थिर आकार घेण्यास स्पष्ट मुभा दिली. त्याच कायद्याला अनुसरून २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण ह्यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. तार एकाची व तारेतील वीज दुसऱ्याची असू शकते, हे तत्त्व मान्य झाल्यावर तारेचा आकार निराळा दाखविणे ओघानेच आले. ‘वहन आकार’ तो हाच.

ह्याचा परिणाम हिशेबानेच कळतो. २०२४-२५ साठी महावितरणच्या घरगुती ग्राहकास पहिल्या १०० युनिटांचा दर ४.७१ रुपये, १०१ ते ३०० युनिटांचा १०.२९ रुपये, वहन आकार युनिटास १.१७ रुपये आणि एकफेजी जोडणीचा स्थिर आकार महिना १२८ रुपये असा ठरला होता. ह्या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूस ठेवले तरी १०० युनिटांचे देयक ८३०.५६ रुपये होते, म्हणजे ४.७१ रुपयांचे म्हणविणारे युनिट प्रत्यक्षात ८.३१ रुपयांना पडते. २०० युनिटांचे देयक २,१५९.९२ रुपये भरते. वापर दुप्पट, देणे मात्र २.६ पट! शंभराव्या व एकशेएकाव्या युनिटात विजेच्या दृष्टीने काडीचाही भेद नाही. भेद आहे तो प्रतवारीचा, आणि तीही महसूलखात्याच्या ओळखीचीच गोष्ट.

२०२० च्या टाळेबंदीत हे सारे एकाच वेळी उघडे पडले. मार्चअखेर मीटर-वाचन थांबले व हिवाळ्यातील महिन्यांच्या सरासरीने देयके निघाली. १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन सुरू होताच, घरात कोंडलेल्या कुटुंबांच्या उन्हाळी वापराचा राहिलेला फरक एकदम वसुलीस आला आणि राज्यभर ओरड झाली. त्या गदारोळात एक लहानशी गोष्ट मागे पडली. जी कुटुंबे घराला कुलूप लावून गावी गेली होती, त्यांनाही सरासरीची देयके आली. वाचनानंतर त्यांतील न वापरलेल्या युनिटांची रक्कम वळती होणार होती, परंतु स्थिर आकार तसाच राहिला, पडीत शेताच्या उताऱ्यावर राहतो तसा.