यंत्राचे मौन

रात्री घर निजले म्हणजे दिवसा न जाणवणारे ध्वनी कानी येऊ लागतात. घड्याळाची टिकटिक, दूरच्या रस्त्यावरील वाहनाची घरघर, आणि गेल्या काही दशकांत त्यांत भर पडलेला, मेजाखालच्या संगणकाचा एकसुरी घुमारा. ज्या घरात एकाच खोलीत मुलगी अभ्यास करते आणि आजी निजते, तेथे हा उपद्रव लहान नव्हे. आणि हिशेब, पत्रव्यवहार, वाचन, संगीत एवढ्याचसाठी संगणक हवा असणाऱ्या गृहस्थाने तो सोसण्याचे कारणही नाही. गणिते करणाऱ्या स्फटिकाला मुळात आवाज नसतो. आवाज असतो तो त्याची उष्णता बाहेर घालवण्याच्या खटपटीचा. संगणकाच्या इतिहासाचा एक मोठा भाग या खटपटीचाच इतिहास आहे.

इ. स. १९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असत त्याच जातीचे. त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे, आणि ती बहुतेक सारी अखेर उष्णताच होई. ती घालवण्यासाठी मोठे वातझोत यंत्राबरोबरच बसवावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेला व पुढे ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेलेला संगणकही व्हॉल्व्हवरच चाले. परंतु ही यंत्रे प्रयोगशाळांची होती. त्यांच्या सान्निध्यात कोणाला झोपायचे नव्हते.

यंत्र घरात आले तेव्हा मात्र शांततेचा प्रश्न उभा राहिला. १९७७ च्या ‘ॲपल २’ या संगणकासाठी रॉड होल्ट या अभियंत्याने निराळ्या पद्धतीचा वीजपुरवठा रचला. तो मुळातच कमी तापे. त्यामुळे पंख्याची गरजच उरली नाही. हे यश खरे होते, कारण तेथे आधी उष्णता कमी झाली आणि मग पंखा गेला. १९८० च्या ‘ॲपल ३’ मध्ये हा क्रम उलटला. पंखा नसावा ही अट आधी ठरली. यंत्र मात्र अधिक गुंतागुंतीचे होते. ते बिघडू लागले, आणि त्या बिघाडांच्या कारणांत उष्णतेचा उल्लेख नेहमी होतो. आरंभीची सुमारे १४,००० यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. मौन हुकमाने लादता येत नाही, हा धडा येथे मिळाला.

दुसरा धडा वेगाच्या हव्यासाने दिला. स्फटिकात खर्च होणारी वीज त्याच्या ठोक्यांच्या वेगाबरोबर वाढते, आणि विद्युतदाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. २००० मध्ये आलेल्या ‘पेंटियम ४’ या मालिकेत वेग हेच ध्येय मानले गेले. २००४ पर्यंत तिच्यातील काही प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत पोहोचले व पंखे गर्जू लागले. त्याच वर्षी इंटेलने या मार्गावरील पुढचा प्रोसेसर सोडून दिला. २००६ मध्ये ‘कोअर २ ड्युओ’ आला. त्याच्या घरगुती नमुन्यांची मर्यादा बहुतांशी ६५ वॅट होती, आणि तरीही काम अधिक होत होते. सामर्थ्य आणि गोंगाट यांची सोयरीक अपरिहार्य नाही, हे तेव्हा सिद्ध झाले.

आज लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सुटे भाग घेऊन संगणक जुळवणाऱ्याने हा इतिहास ध्यानी ठेवावा. पहिली निवड पंख्याची नव्हे, उष्णतेची. प्रोसेसर ६५ वॅट किंवा त्याहून कमी मर्यादेचा आणि चित्रनिर्मितीची सोय अंगभूत असलेला घ्यावा. म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड व त्याचे पंखे दोन्ही टळतात. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारा भागच नसतो. एसएमपीएसची कार्यक्षमता पाहावी. इतर भागांना १०० वॅट पुरवताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस स्वतः २५ वॅट उष्णता निर्माण करतो. ९० टक्क्यांचा सुमारे ११.

पंख्याची पाळी त्यानंतर. १४० मिलिमीटर व्यासाचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा सुमारे तिप्पट क्षेत्र व्यापतो. म्हणून तेवढीच हवा तो संथ फिरून देतो. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. थोडक्यात, मोठा हीटसिंक आणि मोठा, मंद पंखा.

थंड देशांतला सल्ला येथे जसाच्या तसा उचलता येत नाही. एखादा हीटसिंक दर वॅटमागे अर्धा अंश चढत असेल, तर ६५ वॅटच्या भारात तो खोलीच्या तापमानाहून सुमारे ३२ अंश वर जाईल. २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ५४ अंशांच्या आसपास राहील. नागपूरच्या वैशाखात ३८ अंशांच्या खोलीत तो सत्तरीपार जाईल आणि पंखा धावू लागेल. म्हणून येथे हीटसिंक गरजेहून एक पायरी मोठा घ्यावा. आवाज कोंडण्यासाठी चहूकडून बंद, आतून मऊ अस्तर लावलेले कॅबिनेट घेण्याचा मोह टाळावा. कोंडलेली उष्णता पंख्याला अधिकच जोराने फिरायला लावते. पुढून जाळीदार कॅबिनेट बरे. जाळीवरची धूळ मात्र नियमाने झाडावी, नाहीतर जाळीचीच भिंत होते.

दीडशे किलोवॅटच्या त्या पहिल्या अजस्र यंत्राहून कितीतरी पटींनी समर्थ असलेला संगणक आज एका दिव्याइतक्या विजेवर दिवसाची साधी कामे उरकतो. ही किमया आवाज दडपून झाली नाही. आवाजाचे कारण एकेक करून दूर केल्याने झाली. जो गृहस्थ आपली खरी गरज मोजून, तिच्याहून अधिक वेगाचा हव्यास न धरता भाग निवडतो, त्याच्या घरी मुलीचा अभ्यास रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि त्याच खोलीत आजीची झोप मोडत नाही.