पेसमेकर : तारेची जागा आणि हृदयाची ऊर्जा

पेसमेकरच्या तारेचे टोक हृदयात कुठे टेकते, यावर तेवढेच रक्त पुढे ढकलायला हृदयाला किती प्राणवायू लागेल हे बरेचसे ठरते. येथे ऊर्जा म्हणजे हृदयस्नायू खर्च करतो ती. पेसमेकरच्या बॅटरीचा हिशेब वेगळा. विश्रांतीतही 100 ग्रॅम हृदयस्नायू मिनिटाला सुमारे 8 ते 10 मिलिलिटर प्राणवायू वापरतो. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच रक्त ढकलण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णतेत जाते. अशा अवयवाला उधळपट्टी परवडत नाही.

निरोगी हृदयात विद्युत्-लहर हिसच्या जुडग्यातून (लहर वाहणाऱ्या खास तंतूंच्या गुच्छातून) पुर्किंजे तंतूंत उतरते, सेकंदाला 2 ते 4 मीटर वेगाने पसरते आणि साधारण 0.1 सेकंदात दोन्ही निलये चेतवते. साध्या स्नायूत तिचा वेग सेकंदाला एक मीटरही नसतो. उजव्या निलयाच्या टोकाशी तार बसवली की लहर या सावकाश वाटेनेच जाते. मधला पडदा आधी आकुंचतो, डाव्या निलयाची बाहेरची भिंत मागाहून; ईसीजीवरची निलये चेतल्याची खूण, म्हणजे क्यूआरएस, 0.12 सेकंदांहून रुंद होते.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला यातला तोटा सांगावा लागणार नाही. एका दोरावरच्यांनी आधी जोर लावला आणि दुसऱ्या दोरावरचे मागे राहिले, तर अंगमेहनत तेवढीच होते, जाळे मात्र तिरके येते. हृदयात आधी आकुंचणारा पडदा समोरची सैल भिंत ताणतो. मग ती भिंत वाढलेल्या दाबाविरुद्ध आकुंचते आणि पडद्याला उलट ताणते. मास्ट्रिख्तचे फ्रिट्स प्रिन्झेन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये कुत्र्यांच्या हृदयांवर एमआरआयने हे मोजले. तारेजवळच्या स्नायूचे काम जवळजवळ शून्यावर आले, दूरच्या भागाचे दुपटीपर्यंत गेले. असा असमान भार वर्षानुवर्षे राहिला, तर काही रुग्णांचे हृदय फुगते व अशक्त होते.

कृत्रिम ठोक्याने निलयाचे आकुंचन बिघडते हे संशोधक कार्ल विगर्स यांनी 1925 मध्येच दाखवले होते. तरीही 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये शरीरात पहिला पेसमेकर बसल्यानंतर, शिरेतून तार घालण्याची पद्धत रुळली तेव्हा उजव्या निलयाचे टोकच सोयीचे ठरले. तेथे तार पक्की बसते. ती सोय दीर्घकाळ पुरेशी मानली गेली, हे मला खटकते.

डाव्या निलयाला थेट उद्दीपन दिल्यास काय होते, हे जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 2000 मध्ये हिसच्या जुडग्याची डावी शाखा बंद पडलेल्या 10 दुर्बल हृदयांवर तपासले. दाब वाढण्याचा वेग सुमारे 43 टक्क्यांनी वाढला आणि दर ठोक्याचा प्राणवायू-खर्च 8 टक्क्यांनी घटला. डोब्युटामिन या औषधाने आकुंचन तेवढेच सुधारले, पण खर्च 22 टक्क्यांनी वाढला. हे आकडे फार बोलके आहेत. त्याच वर्षी अमेरिकेतील डॉ. प्रमोद देशमुख यांच्या गटाने हिसच्या जुडग्यातच कायमची तार बसवण्याचा प्रयत्न 18 रुग्णांत केला. 12 जणांत तो साधला. हिसजवळ ठोका पकडायला बहुधा जास्त विद्युत्‌शक्ती लागते आणि बॅटरी लवकर संपते. चीनमधील वेइजियान हुआंग यांनी 2017 मध्ये मांडलेल्या डाव्या शाखेच्या उद्दीपनात ही अडचण कमी आहे.

हिसच्या किंवा डाव्या शाखेच्या उद्दीपनाची सर्वांनाच सारखी गरज नसते. ज्याचा ठोका क्वचितच पेसमेकरवर अवलंबून असतो, त्याला साधी जागाही चालते. लहर निलयांपर्यंत पोहोचतच नाही असा पूर्ण हृदयरोध झालेल्याचा मात्र जवळजवळ प्रत्येक ठोका तारेतूनच येतो. तेथे जागेचा प्रश्न आयुष्याचा आहे. सिंधुदुर्गातून अशा उपचारासाठी अनेकदा गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागते, आणि एवढ्या लांबून पुढच्या तपासण्या सहज चुकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारावे : ठोके किती प्रमाणात पेसमेकरवर चालणार, आणि तार कुठे बसवणार? नंतर दम लागू लागला वा पायांना सूज आली, तर पेसमेकरची तपासणी आणि इको दोन्ही करून घ्यावे.