आजोबांचे अल्बम आणि विम्याची यादी

गेले तीन शनिवार मी घराबाहेर पडलेलो नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक भिंग आणि लॅपटॉप घेऊन नाणी मोजत बसलोय. आईचं म्हणणं, या वयात मुलं मुली बघतात, हा शिवराया बघतो. :-)

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे पेशवाईतही ती पडत राहिली, आणि टांकसाळीतल्या कारागिरांचं शुद्धलेखन माझ्यासारखंच असल्यामुळे शिव, सिव, शीव असे नाना प्रकार सापडतात. मग दोन आडव्या रेघांची दुदांडी वेगळी. (सोन्याचा होन माझ्याकडे नाही. गैरसमज नको.) एकेकटी साधी शिवराई काही शे रुपयांत मिळते, पण सात वर्षांच्या पगारातून जमवलेली अडीचशे नाणी एकत्र धरली तर रक्कम बऱ्यापैकी होते. म्हटलं, विमा काढू.

विम्याचा विषय आमच्या घरात जरा नाजूक आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा आम्ही मीरा रोडला तळमजल्यावर राहायचो. खाडी आणि मिठागरांच्या शेजारचं गाव, पाणी जाणार कुठे? मी दुसरीत होतो. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी आले. पलंगाखालच्या ट्रंकेत आजोबांचे पोस्टाच्या तिकिटांचे सहा अल्बम होते, त्यांचा लगदा झाला होता. आजोबा काहीच बोलले नाहीत. पण बाबांनी त्याच वर्षी घराचा विमा काढायचं टाळलं होतं, 'पुढच्या दिवाळीत बघू' म्हणून. तेव्हापासून घरात विमा शब्द निघाला की बाबा पेपर उघडतात.

तर मी एका एजंटला फोन केला. तो म्हणाला, "सर, टीव्ही, फ्रिज, सोफा सगळं होईल. नाण्यांचं नाही होत." का नाही? त्यालाही ठाऊक नव्हतं. आता इंजिनिअर माणसाला 'का' म्हणून विचारलं आणि उत्तर आलं नाही, की त्याचा वीकएंड गेला.

आगीचा विमा जन्मला १६६६ च्या लंडनच्या आगीतून. आगीनंतर १६८० च्या सुमाराला निकोलस बार्बन नावाच्या माणसाने (डिग्रीने डॉक्टर, धंद्याने बिल्डर! मीरा रोडला शोभला असता) घरांचा विमा विकायला सुरुवात केली. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. १७१० च्या आसपास सन फायर ऑफिस घरातल्या वस्तू आणि व्यापाऱ्यांच्या मालाचाही विमा देऊ लागलं. ही सगळी मोजता येणारी दुनिया आहे. भिंत पुन्हा बांधायला किती, कापसाच्या गाठीला बाजारात किती. मुंबईचा कोटही फेब्रुवारी १८०३ मध्ये असाच जळला आणि पुन्हा उभा राहिला. पण जी वस्तू पुन्हा मिळतच नाही, तिची किंमत कोण ठरवणार?

पुण्याचे दिनकर केळकर घ्या. चष्म्याच्या दुकानाचा धंदा, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि १९२० च्या सुमारापासून गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्री, दौती जमवायचं वेड. एक पितळी अडकित्ता मोडीवाल्याकडे नेला तर वजनावर पैसे मिळणार. तसे शेकडो अडकित्ते एका भिंतीवर मांडले की परदेशातून लोक बघायला येतात. ही जास्तीची किंमत नक्की कुठल्या अडकित्त्यात असते? विम्यात यासाठी 'जोडी आणि संच' असं एक कलमच असतं: संचातली एक वस्तू गेली तर त्या एका वस्तूपुरतेच पैसे, संच मोडल्याचे नाहीत. केळकरांनी १९६२ मध्ये आपला संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला आहे.

दुसरं नाव सापडलं ते पाहून मात्र मी उडालो. सर दोराबजी टाटा. १९१९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स काढणारे हेच, आणि मोठे संग्राहकही हेच. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा त्यांनी पत्नी मेहेरबाईंसाठी घेतला होता. असं सांगतात की तो लंडनच्या तिजोरीत असायचा आणि मेहेरबाईंनी घालायला बाहेर काढला की विमा कंपनी दर वेळी २०० पौंड लावायची. १९२४ मध्ये टाटा स्टीलकडे पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी हा हिरा आणि स्वतःची मालमत्ता इंपीरियल बँकेत गहाण ठेवून एक कोटी उभे केले. हिऱ्यावर बँक पैसे देते, कारण त्याचं वजन आणि किंमत कागदावर लिहिता येते. त्यांच्या कलासंग्रहाचं मात्र तसं नव्हतं. तो त्यांच्यानंतर १९३३ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला गेला, धाकट्या भावाचा, सर रतन टाटांचा, १९२१ मध्येच गेला होता. कधी फोर्टात गेलात तर बघा: न्यू इंडियाची १९३६ ची आर्ट डेको इमारत आणि ते म्युझियम (आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) एकाच महात्मा गांधी रोडवर आहेत.

असो. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १०७ कंपन्यांच्या चार झाल्या आणि पुढे आगीच्या पॉलिसीचा मसुदा देशभर एकसारखा झाला. एजंटला जे ठाऊक नव्हतं ते त्या मसुद्याच्या अपवादांत आहे. पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतलं नसेल तर दहा हजारांवरच्या कलावस्तू नाहीत, हस्तलिखितं नाहीत, तिकिटं आणि नाणी नाहीत. थोडक्यात, माणूस हौसेने जे जमवतो ते सगळं वगळलेलं!

हे वाचून मी बाहेर गेलो आणि बाबांना सांगितलं. म्हणजे २००५ ला पॉलिसी असती तरी गादी, फ्रिज, कपाटाचे पैसे आले असते. आजोबांच्या अल्बमचा एक रुपया आला नसता. बाबांनी पेपर खाली घेतला, थोडा वेळ पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे हप्ता वाचला." मग दहा मिनिटांनी आत येऊन विचारलं, "हे तुला नक्की माहितीये ना?" मी त्यांना कलम वाचून दाखवलं. दोनदा.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. घराचा विमा असला की सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप. पूर्वी दहा लाखांच्या मालाला पाच लाखांचाच विमा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळायचा. ती कात्री यात काढून टाकलीय. मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं जादा कव्हर आहे, आणि त्यात किंमत आधीच दोघांनी मान्य करायची. एकूण पाच लाखांच्या आत आणि एकही वस्तू लाखाच्या वर नसेल तर मूल्यांकनाच्या दाखल्यातूनही सूट मिळू शकते. मात्र नाणी मूळ पॉलिसीच्या अपवादांत अजूनही आहेतच, त्यामुळे 'नाणी' हा शब्द पॉलिसीवर छापून घ्यायचा, एजंटच्या 'हो सर, होईल'वर जायचं नाही. चोरीसाठी स्वतंत्र कव्हर बघायचं, कारण मूळ पॉलिसीत फक्त पूर-आगीसारख्या घटनेमुळे, तिच्यापासून सात दिवसांत झालेली चोरी येते. आणि खाऱ्या हवेने तांब्यावर चढणारा हिरवा गंज कुणीच भरून देत नाही. त्याला सिलिका जेलच्या पुड्या.

यासाठी लागते यादी, म्हणून हे तीन शनिवार. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन ग्रॅममध्ये, कुणाकडून कधी घेतलं, पावती असेल तर तिचा फोटो. साध्या शिवरायांना पावत्या नाहीतच, कुर्डुवाडीच्या बाजारात कोण पावती देतो? तिथे मी दोन लिलाव-कॅटलॉगमधले भाव लावलेत, आणि कमीच लावलेत. १८४ झाली, साठ-पासष्ट उरली आहेत.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पण यादी नाण्यांच्याच कपाटात ठेवली तर तीही त्यांच्याबरोबर जाईल, म्हणून छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह पुण्याला ताईकडे पाठवतोय. कुरिअरच्या पाकिटावर पत्ता बाबांनीच लिहिला.