पडद्यावरचे अरण्य आणि पत्र्यातले अरण्य

संगीत नाटकांच्या वैभवकाळात कंपनीची श्रीमंती तिच्या पडद्यांवरून मोजली जाई. दरबार, रस्ता, उद्यान, अरण्य असे रंगविलेले पडदे गुंडाळून कंपन्या मुक्कामामागून मुक्काम करीत. इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हुबळीपर्यंत आपल्या वाडवडिलांनी जी नाटके पाहिली, ती अशाच पडद्यांसमोर. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस स्थापिलेल्या ललितकलादर्श मंडळीसाठी कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी रंगविलेल्या पडद्यांचे कौतुक आजही जुन्या घरांतून ऐकू येते.

त्या कौतुकात एक उणीव मात्र सहसा बोलली जात नाही. अरण्य नटाच्या पाठीमागे असे. नटावर ते कधीच नसे. वनवासी रामाच्या मुखावर दरबारातल्याप्रमाणेच समोरच्या दिव्यांचा सपाट उजेड पडे. झाडे कितीही हुबेहूब रंगविली, तरी एका पानाची सावली त्याच्या खांद्यावर उतरत नसे.

हीच उणीव युरोपात एका माणसाला असह्य झाली होती. आडोल्फ आप्पिया हा १८६२ साली जिनिव्हात जन्मलेला स्विस विचारवंत. वाग्नरच्या संगीतनाट्यांचा तो भक्त, पण ती ज्या रंगीत कापडांपुढे होत त्यांचा कट्टर वैरी. ‘सीगफ्रीड’ या संगीतनाट्यात नायक अरण्यात एकटा बसून पानांची सळसळ ऐकतो. या प्रसंगाविषयी आप्पियाने १९०४ सालच्या एका लेखात म्हटले की, प्रेक्षकाला अरण्य दाखविण्याची गरजच नाही. अरण्यात असलेला माणूस दाखवा. वाऱ्याने पाने हलली की त्याच्या अंगावर उजेड आणि सावली हलली पाहिजे, मग कापलेल्या कापडाची झाडे नसली तरी चालेल. आमच्या मते रंगमंचीय प्रकाशाच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा विचार होय. पुढे बाझेल येथे १९२४-२५ मध्ये वाग्नरची चार नाट्यांची मालिका आप्पियाच्या कल्पनेप्रमाणे रंगमंचावर येऊ लागली. पहिली दोन झाली आणि परंपरानिष्ठांच्या विरोधामुळे उपक्रम बंद पडला. ‘सीगफ्रीड’ होते तिसरे! १९२८ मध्ये आप्पिया निवर्तला.

तेव्हाही प्रकाशाने चित्र पाडणे अशक्य नव्हते. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ दाखविले होतेच. परंतु ती चित्रे अंधारात, कोऱ्या पडद्यावर पडत. दिव्यांनी उजळलेल्या रंगमंचावर वावरणाऱ्या नटाच्या अंगावर नेमकी आकृती टाकायची, तर प्रखर आणि आटोपशीर असा वेगळा दिवा हवा होता.

तो अमेरिकेत १९३३ साली आला. त्याची रचना सांगण्यासारखी आहे. दिव्यामागचा आरसा लंबवर्तुळाकृती असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीपाशी दिवा ठेवला की आरशावरून परतलेले किरण दुसऱ्या नाभीकडे एकवटतात. तेथे एक चौकट असते आणि पुढे लेन्स. या चौकटीत आकृती कापलेला धातूचा पत्रा सरकविला की भोकांतून गेलेला उजेड लेन्स दूरवर फेकते आणि पत्र्यावरची आकृती रंगमंचावर उमटते. उमटते ती मात्र उलटी, म्हणून पत्रा चौकटीत मुळातच उलटा बसवावा लागतो. या पत्र्याला नाट्यव्यवसायात ‘गोबो’ म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही.

आपल्या घरांतल्या स्त्रियांना यात नवल वाटू नये. रांगोळीचा भोकांचा छापा हेच काम करतो. तेथे पीठ गळते, येथे उजेड. आम्ही सरकारी नोकरीत असताना पोत्यांवर मजकूर उमटविण्याचे पत्र्याचे छापे पुष्कळ पाहिले. त्यांत ‘व’ कापायचा म्हणजे पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून मध्ये एक बारीक पूल ठेवावा लागतो. गोबो कापणाऱ्यालाही हेच पथ्य. शिवाय दिव्याची धग भयंकर, त्यामुळे पुठ्ठ्याचा तेथे निभाव लागत नाही. सुरुवातीच्या प्रकाशयोजनाकारांनी अॅल्युमिनियमच्या पातळ ताटल्या कात्रीने कापून वेळ भागविली. कोकणात पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांना भोके पाडून दागिने आणि वस्त्रे उजेडात काढली, ती कितीतरी आधी. हा संबंध वंशाचा नव्हे, बुद्धीचा आहे.

आप्पियाचे म्हणणे या दिव्याने काय साधले, हे पाहायचे तर १९४९ सालच्या न्यूयॉर्ककडे वळावे. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकातला म्हातारा विली लोमन भोवतीच्या उंच इमारतींनी कोंडलेल्या घरात राहतो आणि वारंवार जुन्या दिवसांत हरवतो. दर वेळी नेपथ्य बदलले असते तर नाटकाची गती मेली असती. नेपथ्य आणि प्रकाश दोन्ही सांभाळणाऱ्या जो मील्झिनर यांनी इमारती पारदर्शक पडद्यावर रंगवून मागून उजळल्या. गतकाळ आला की त्या विझत आणि घरावर पानांची जाळी पसरे. एकही खांब न हलता पंधरा-वीस वर्षे मागे जाता येई. येथे पाने म्हणजे केवळ झाड नव्हे. विलीच्या हातून निसटलेले आयुष्यच त्या घरावर क्षणभर परतून येई.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मूळचे अमेरिकन प्रकाशयोजनाकार डेव्हिड हर्सी यांनी लंडनमध्ये १९७२ साली गोबो बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. रासायनिक प्रक्रियेने कोरलेल्या पोलादी पत्र्यावर केसासारखी बारीक नक्षी येऊ लागली. नंतर रंगीत काचेचे गोबो आले. आता एलईडी दिव्यांची धग कमी झाल्याने छापलेल्या प्लास्टिकच्या चकतीवरही काम भागते.

तयार नमुने मिळू लागल्यावर त्यांचा अतिरेकही झाला. स्पर्धेच्या नाटकांतून कारण असो वा नसो, रंगमंचभर पाने सांडलेली दिसतात, आणि तुरुंग म्हटला की गजांच्या सावल्या ठरलेल्याच. नटाचा चेहरा भोकांच्या मधल्या काळोखात सापडला तर त्याचे वाक्यही बुडते, याकडे लक्ष कोण देतो? तथापि छोट्या संस्थेला या पत्र्याने दिलेली सोय आम्ही हलकी मानत नाही. पडदा न्यायला बैलगाडी, पुढे ट्रक लागे. अरण्य, तुरुंग आणि खिडकीतले चांदणे हे सारे आता एका पाकिटात मावते, आणि हौशी मंडळी ते बगलेत मारून परगावच्या स्पर्धेची गाडी पकडतात.

गोव्यात देवळांच्या उत्सवी नाटकांतून रंगविलेले पडदे अजून लागतात. जुन्या पडद्याच्या कोपऱ्यात कधी चित्रकाराची सही सापडते. पत्रा काही प्रयोगांनंतर धगीने वाकतो आणि भंगारात जातो. त्यावर कुणाचे नाव नसते.