गर्भजल परीक्षेचा इतिहास आणि आपण

नंदाखाल परिसरात पालकभेटीसाठी एका घरी गेलो असता तिसऱ्या कन्येच्या जन्माची वार्ता कळली. मी मुबारकबाद देणार, तोच आजीबाई म्हणाल्या, "सर, सुनेच्या नशिबातच मुलगा नाही." सून चहा ठेवून मुकाट्याने आत गेली. तेव्हापासून इतिहासाच्या या शिक्षकाला एक प्रश्न छळतो आहे. विज्ञानाने त्या सुनेला केव्हाच निर्दोष ठरविले असताना तो निकाल तिच्या घरी अजून का पोहोचला नाही?

१९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने किड्यांच्या पेशी तपासून दाखविले की, अपत्य नर की मादी हे नराकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. मानवातही तसेच घडते. माता नेहमी 'एक्स' देते. पित्याकडून 'एक्स' आले तर मुलगी, 'वाय' आले तर मुलगा. यात गुन्हा कोणाचाच नाही, मातेचा तर नाहीच नाही.

पुढे १९५६ साली डेन्मार्कमध्ये फुक्स व रीस या डॉक्टरांनी गर्भजलातील पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखले. हिमोफिलियासारखे आनुवंशिक रोग मुख्यतः मुलग्यांना होतात. ते आधी ओळखता यावेत हा या संशोधनाचा उपयोग होता. भारतातही सत्तरीच्या दशकात ही परीक्षा गर्भातील व्यंग शोधण्यासाठीच आली. परंतु थोड्याच काळात तिचा वापर मुलगी नको म्हणून होऊ लागला. १९८६ साली मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले.

स्त्री संघटना, काही डॉक्टर व वैज्ञानिक यांनी याविरुद्ध आवाज उठविला. १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. रोगनिदानाला मुभा, लिंग सांगण्यास बंदी, असा हा विवेक आहे. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाल्या.

जन्मलेल्या मुलीला जिवंत पुरण्याची अरबस्थानातील प्रथा इस्लामने निषिद्ध ठरविली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे आपल्याला कसे शोभते?

संशोधनाने आपल्याला ज्ञान दिले आणि यंत्रही दिले. आपण यंत्र तेवढे उचलले आणि ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठेवून दिले. कायदा डॉक्टरांचे तोंड बंद करू शकेल, पण आजीबाईंची समजूत बदलणे शाळेचे व पालकांचे काम आहे. पुढील पालकसभेत गुणसूत्रांचा हा धडा वडीलमंडळींनाही शिकवावा, अशी संस्थेच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे.