फॉर्ममधले जुळे शब्द: दिसायला सारखे, अर्थाने वेगळे

दहावी-बारावीचे निकाल लागले की सारसोळे, नेरूळ परिसरातल्या घराघरांत फॉर्म भरायची गडबड सुरू होते. फॉर्म इंग्रजीत असतो आणि त्यातले काही शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात. एकाच्या जागी दुसरा समजला की चुकीचा कागद जोडला जातो आणि मुदत निघून जाते. आम्ही शिक्षक मंडळी पालकांना नेहमी सांगतो की अशा शब्दाचा अर्थ आधी आपल्या उर्दू-मराठीत लावून बघा. बराच गोंधळ तिथेच मिटतो.

गिव्हन नेम आणि सरनेम. गिव्हन नेम म्हणजे मुलाला ठेवलेलं नाव, सरनेम म्हणजे खानदानी नाव, आडनाव. आपल्याकडे 'शेख', 'सय्यद' कधी नावाच्या आधी लागतं, कधी नंतर. शाळेत एक, आधारवर दुसरं असं होऊ देऊ नका. पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा ठेवणं तर महागात पडू शकतं. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत दिली.

नॅशनॅलिटी आणि डोमिसाइल. पहिलं म्हणजे शहरियत, राष्ट्रीयत्व. दुसरं म्हणजे सुकूनत, अधिवास. भारतीय तर आपण सगळेच आहोत; पण महाराष्ट्राचं डोमिसाइल मिळायला साधारणपणे राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी हा दाखला मागतात. कामधंद्यासाठी दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबांनी जुनी भाडेपावती, लाईट बिल, मुलांचे शाळेचे दाखले फेकून देऊ नयेत. अर्ज 'आपले सरकार'च्या पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात करता येतो.

मायनॉरिटी आणि ओबीसी. सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. मायनॉरिटी धर्मावर ठरते. केंद्र सरकारने 1993 मध्ये मुस्लिमांसह पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं, 2014 मध्ये जैन समाजाची भर पडली. ओबीसी ठरते ती बिरादरीवर. बागवान, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे प्रत्येक मुस्लिम मुलगा मायनॉरिटीत येतो, पण प्रत्येक जण ओबीसी नसतो. आणि जो ओबीसी आहे, तो दोन्हींत बसतो! नुसतं 'मायनॉरिटी' लिहून थांबलात तर आपल्याच हक्काची सवलत हातची जाते.

कास्ट सर्टिफिकेट आणि कास्ट व्हॅलिडिटी. सर्टिफिकेट प्रांत कार्यालयातून मिळतं. त्याची तसदीक म्हणजे व्हॅलिडिटी. ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा पाहिला जातो, म्हणून दादा-परदादांचा शाळेचा दाखला किंवा जुना महसुली उतारा आजच शोधून ठेवा. व्हॅलिडिटीला वेळ लागतो. मुलगा अकरावीत असतानाच तयारीला लागा. नॉन-क्रिमीलेयर हा तिसराच कागद आहे, तो उत्पन्नाशी जोडलेला असतो.

सेल्फ अटेस्टेड आणि अ‍ॅफिडेव्हिट. सेल्फ अटेस्टेड म्हणजे झेरॉक्सवर 'मूळ प्रतीप्रमाणे' लिहून स्वतः सही करणं. खर्च शून्य. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे हलफनामा, शपथेवर केलेलं निवेदन. कायद्याने सक्ती नसेल तिथे अ‍ॅफिडेव्हिट न मागता स्वयंघोषणापत्र घ्यावं, असं राज्य शासनाने 2015 मध्येच ठरवलं आहे. तेव्हा कोणी उगाच स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर "कोणत्या नियमाने?" असं अदबीने विचारा. मात्र दोन्हींत खोटं लिहिणं गुन्हाच आहे, हे विसरू नका.

प्रेझेंट आणि पर्मनंट अ‍ॅड्रेस. सध्या राहता तो प्रेझेंट, कायमचा तो पर्मनंट. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये प्रेझेंटच्या जागी गावचा पत्ता टाकला, तर पोलिस चौकशी गावाला जाते आणि तुम्ही इथे वाट बघत बसता.

आमचं एवढंच सांगणं आहे की फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. 'सबमिट' दाबण्याआधी मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक रकाना त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अर्थ अडला तर शाळेत येऊन विचारा. विचारण्यात कसली लाज नाही.