पेला नको, बशी चालेल

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याकडे टोक्योला गेलो होतो. एका रात्री इशाची नमाज झाल्यावर तो म्हणाला, "मामू, चला, इझाकायात जाऊ."

भाषेच्या मास्तराला शब्द फोडून पाहण्याची खोड. अर्थ विचारला. 'इ' म्हणजे बसणे, 'झाका' म्हणजे मद्य, 'या' म्हणजे दुकान. बसून मद्य पिण्याचे दुकान! ज्या दस्तरख्वानावर मद्य फिरते तिथे बसू नये, हे लहानपणापासून ऐकलेले. मी थबकलो. भाचा हसला. मद्य न ठेवणारे, हलाल कोंबडी वापरणारे एक छोटे दुकान त्याने आधीच शोधले होते. तिथे मिरीनही वापरत नाहीत, हे त्याने विचारून घेतले होते. जपानी स्वयंपाकातले हे गोड मिरीन म्हणजेही मद्यच, हे आपल्या लोकांना सहसा माहीत नसते.

समोर एकेक बशी येत गेली. मीठ लावलेल्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, थंड तोफू, काडीवर भाजलेली कोंबडी. एवढ्याशा बशा, पण दोघांनी मिळून खायच्या. बोलणे लांबत गेले.

या बशांचा इतिहास मी नंतर वाचला. टोक्योचे जुने नाव एदो. 1657 च्या मोठ्या आगीत या शहराचा बहुतेक भाग जळाला. ते पुन्हा उभारायला गावोगावचे सुतार, गवंडी, हमाल आले. एकटे पुरुष, छोट्या खोल्या, चूल पेटवायला ना वेळ ना जागा. त्यांच्यासाठी शिजवलेले अन्न विकणारे वाढले. रात्रीच्या चुलींनी पुन्हा आग लागेल या धास्तीने सरकारने रात्रीच्या विक्रीवर वेळोवेळी बंदी घातली. पण भूक कुठे हुकूम मानते? विक्री चालूच राहिली.

दुसरीकडे मद्याची दुकाने गिऱ्हाइकाला तिथेच बसू देऊ लागली. कांदा भागातल्या तोशिमाया या जुन्या दुकानाने मिसो लावून भाजलेला तोफू स्वस्तात द्यायला सुरुवात केली आणि कष्टकऱ्यांची रीघ लागली. पेला आणि बशी अशी एका छताखाली आली. 1811 च्या मोजणीत एदोमध्ये अशी 1,808 दुकाने होती.

हे वाचताना मला अब्बा आठवले. तरुणपणी ते भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करत आणि भिशीत जेवत. गाव सोडून आलेल्या एकट्या कामगारांची ती खानावळ. अब्बा म्हणत, "डाळ पातळ असायची, पण शेजारी कुणीतरी बसलेला असायचा."

एदोच्या सुतारालाही बहुधा तेच हवे होते. त्याच्या हातातल्या पेल्याचे समर्थन मी करणार नाही. आपल्यासाठी हराम ते हरामच. पण दुकानाच्या नावात मद्य आहे म्हणून त्याची भूक आणि त्याचे एकटेपण दिसेनासे व्हावे, हेही बरे नव्हे. उंबऱ्यावर थबकताना मी नेमके तेच करत होतो.

निघताना शेवटच्या बशीत एकच काडी उरली होती. भाच्याने ती माझ्याकडे सरकवली, मी त्याच्याकडे. शेवटी अर्धी अर्धी खाल्ली.